वैशाखात परसात बसायचं कुठे आणि कसं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ठाण्याहून निवृत्त होऊन गुहागर तालुक्यातल्या जुन्या घरी राहायला आलात. आठ गुंठ्यांचं परस आहे, मेहनतीला तुम्ही दोघंही मागे नाही. तरी एप्रिल उजाडला की हिरवळ पिवळी पडते, गुलाब करपतात, विहीर खाली जाते आणि सगळी संध्याकाळ पाइप धरण्यात जाते. 'व्हिडिओंत वसंतातल्या बागा बघून हेवा वाटतो, आमच्या बागेत मात्र त्याच दिवसांत दहा मिनिटं बसवत नाही. बागेचा साधासुधा आनंद घ्यायचा तरी कसा?' असं तुम्ही विचारलंय. शिवाय बाक सिमेंटचा घ्यावा की लाकडी, आणि गुलाबांचं काय करावं, हेही.

मी याच पट्ट्यात बरीच वर्षं रोपवाटिका चालवते आणि लोकांची परसं लावून देते. तुमच्यासारखं गाऱ्हाणं दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी घेऊन येतंच, आणि आल्या आल्या विचारतं ते ठिबकबद्दल किंवा खताबद्दल. माझ्या मते अडचण त्याच्या आधीची आहे. तुम्ही ज्या बागा पाहता त्या थंड मुलखातल्या. तिथे हिवाळाभर जमीन गारठलेली असते आणि मार्च-एप्रिलमध्ये माती उबदार झाली की पेरणी, लावणी, खतं, छाटणी हे सगळं सुरू होतं. आपल्याकडे तेच महिने वर्षातले सगळ्यात कोरडे. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त पाऊस पडतो खरा, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. परतीच्या सरी संपल्या की पुढचे सात-आठ महिने जांभ्या मातीतून पाणी फक्त खाली जात राहतं. वैशाखापर्यंत वरचा थर भाकरीच्या पिठासारखा भुगभुगीत होतो. अशा वेळी नवं रोप लावणं, जमीन उकरणं, रासायनिक खत टाकणं म्हणजे आपणच आपल्याला पाइपाला बांधून घेणं. आपल्या लावणीचे दिवस मृगापासून पुढे. वैशाखात परसातली मोठी झाडं फळं पिकवण्यात गुंतलेली असतात, आणि आपण ती खायची, वाळवायची, सावलीत बसायचं. तुम्ही दोघं नेमके या दिवसांत सगळ्यात जास्त राबताय.

आता हे सगळं जागेवर अवलंबून आहे, आणि तुमच्या जागेबद्दल तुम्ही थोडंच लिहिलंय. समुद्रालगतच्या पुळणीत, म्हणजे वाळूच्या जमिनीत घर असेल तर विहिरीला पाणी जवळ लागतं, पण उन्हाळ्याच्या शेवटी ते मचूळ होऊ शकतं. घर कातळावर असेल तर मातीचा थर वीतभरच असतो आणि तिथे मोठं झाड हाच मुळात कष्टाचा विषय. डोंगरउतारावर चांगली खोल जांभी माती असेल तर तुम्ही नशीबवान. 'विहीर खाली जाते' एवढ्यावरून मी मधलं काहीतरी धरून चालते : पाणी आहे, पण पंप तासाभराच्या वर चालवता येत नाही.

बसायच्या जागेपासून सुरुवात करू, कारण ती ठरल्याशिवाय बाकीचं बोलून उपयोग नाही.

आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात पारा दुपारी तेहतीस-चौतीसच्या आसपास असतो. नागपूरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. पण तिकडे घाम वाळतो, वाळ्याचा पडदा भिजवला की खोली गार होते, कूलर चालतो. इथे हवेतच इतकं बाष्प की घाम अंगावरच राहतो. म्हणून दुपारी अंगणात पाणी मारून गारवा करायचा प्रयत्न इथे फसतो, उलट उमस वाढते. इथे माणसाला दोनच गोष्टी सुखावतात, सावली आणि वारा. आणि वाऱ्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. रात्रभर जमीन समुद्रापेक्षा जास्त निवते, म्हणून पहाटे वारा पूर्वेकडून, डोंगराकडून समुद्राकडे जातो. तो मतलई. दिवस वर येऊन जमीन तापली की दुपारच्या सुमाराला वारा फिरतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. तो संध्याकाळपर्यंत टिकतो, आणि दिवेलागणीनंतर मधे एक वेळ अशी येते की पान हलत नाही.

याचा अर्थ परसात बसायच्या जागा दोन हव्यात. सकाळची घराच्या पूर्वेला, पण सात-साडेसातनंतर ऊन लागणार नाही अशी. संध्याकाळची पश्चिमेला, जिथे खारा वारा अडत नाही. हल्ली नव्या बांधकामात मी सगळीकडे एक प्रकार बघते. लोक पश्चिमेला सहा-सात फुटांची चिऱ्याची भिंत घालतात, वर पत्रा ठोकतात, आणि मग आत वारा नाही म्हणून पंखा लावतात. जुना दगडी गडगा छातीएवढाच असे, त्यावरून वारा येत असे. तुमची भिंत झाली असेल तर ती पाडा असं मी म्हणणार नाही. एक साधी गोष्ट करा. दोन-तीन दिवस संध्याकाळी पाचच्या सुमाराला पेटवलेली उदबत्ती घेऊन परसभर फिरा. धूर जिथे सरळ वर जातो तिथे बसायचं नाही, जिथे आडवा पळतो तिथे खुर्ची टाका. बरेचदा ती जागा आपण योजलेल्या जागेपासून पाच-दहा पावलंच बाजूला असते.

सावलीचं झाड कोणतं, यालाही महत्त्व आहे. माडाखाली बसायचं नाही, झोपाळा बांधायचा नाही, नातवंडांना तिथे खेळू द्यायचं नाही. नारळ आणि झावळी पडायला वारा लागतोच असं नाही. आंब्याखाली सावली दाट, पण तुडतुडे असतील तर चिकटा पडतो आणि कपडे, खुर्च्या सगळं चिकट होतं. फणसाखाली छान, फक्त वर बघून खुर्ची ठेवा. माझी सगळ्यात आवडती बकुळ. बारा महिने पानं, दाट गोल घेर, खाली फुलांचा सडा, आणि फुलं वाळली तरी वास जात नाही. मात्र बकुळ मोठी व्हायला वेळ घेते, तेव्हा यंदाच्या पावसात एक लावाच, पण तिच्या भरवशावर राहू नका.

तोवर मांडव. तुमच्या घरापुढे पूर्वी तो नक्की घातला जात असणार. गावातल्या जुन्या माणसांना विचारा. पोफळीचे म्हणजे सुपारीच्या झाडाचे खांब, वर आडवे बांबू, आणि त्यावर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. पावसाळा संपला, खळं म्हणजे घरापुढचं अंगण चोपून सारवून झालं, की दिवाळीच्या आसपास तो उभा राहायचा आणि मृगाआधी उतरायचा. त्याच्या सावलीत सुपारी सोलणं, मिरच्या निवडणं, दुपारची वामकुक्षी सगळं चालायचं. झापाखाली गार वाटतं याचं कारण साधं आहे. पत्रा स्वतः तापतो आणि ती धग खाली फेकतो. झाप धग धरून ठेवत नाही, आणि त्याच्या विणीतून गरम हवा वर निघून जाते. हिरवी जाळी पत्र्यापेक्षा बरी, पण खाऱ्या वाऱ्यात फडफडते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत विरते. झाप विणणारी माणसं आता कमी झालीत, हे मान्य. मग जाळी ताणून त्यावर सुक्या झावळ्या नुसत्या आडव्या बांधल्या तरी बराच फरक पडतो. आणि मांडव घालायचा तर ज्या खळ्यात हिरवळ लावलीय तिथेच घाला.

हिरवळीबद्दल मला जरा कठोर बोलावं लागेल. उन्हाळ्यात गवताला दर चौरस मीटरमागे रोज साधारण पाच लिटर पाणी लागतं. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. गुंठाभर हिरवळ जगवायला रोज पाचशे लिटर. मोठ्या माडाला उन्हाळ्यात दिवसाला चाळीसेक लिटर पुरतं, म्हणजे तेवढ्या पाण्यात बारा माड पोसतात. ती हिरवळ सोडून द्या. सुकू दे. पावसात तिथे आपोआप जे गवत उगवेल ते कापून ठेवा, आणि दसरा-दिवाळीला ती जागा चोपून शेणानं सारवून घ्या. सारवलेल्या खळ्यात अनवाणी चालायला जे सुख आहे ते गवतावर मला कधी मिळालेलं नाही. अर्थात हे माझं मत. कोणाला गवतच आवडतं, त्यांनी खाटेएवढा तुकडा ठेवावा आणि न्हाणीचं पाणी तिकडे वळवावं.

आता पाणी. तुमची संध्याकाळ मोकळी करायची तर कोणाला पाणी द्यायचं नाही हे आधी ठरवा. धरते आंबे, फणस, काजू, रातांबा (म्हणजे कोकम), जांभूळ यांना वैशाखात पाण्याची गरज नसते. त्यांची मुळं खोल गेलेली असतात. फळ तयार होत आलेल्या हापूसला पाणी देऊन तर काही साधत नाही. पाणी हवं ते माडाला, त्याहून जास्त पोफळीला, केळीला, पानवेलीला, आणि गेल्या एक-दोन पावसाळ्यांत लावलेल्या कलमांना. पोफळ तहान सोसत नाही. तिच्या बुंध्याला पश्चिमेचं ऊन सरळ लागलं की तो भाजतो आणि तिथून चिरतो. तुमच्याकडे पोफळी असतील तर हातातलं पाणी आधी त्यांना.

माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं अंथरा, पण उपडी, म्हणजे पाठ वर. उताणी ठेवलीत तर वळवाच्या पहिल्याच सरीत वाट्या भरतात आणि डास होतात. त्यावर पातेरा, म्हणजे झाडांचा सुका पालापाचोळा. पातेरा जाळणं बंद करा. सकाळी ढीग पेटवून घरभर धूर करणारे आणि संध्याकाळी माती कोरडी म्हणून पाणी मारणारे पुष्कळ भेटतात. दोन्ही कामं एकमेकांनीच वाढवलेली असतात. हातभर जाड पातेऱ्याखाली माती किती दिवस ओल धरते ते एकदा बोट घालून बघा.

बोट घालताना मात्र जपून, आणि इथे मी मुद्दाम थांबते. जांभ्याच्या मुलखात लाल विंचू आणि फुरसं हा विषारी साप, दोन्ही आहेत, आणि उन्हाळ्याचा शेवट हा विंचवाच्या दंशाचा हंगाम. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात माणसं, त्यातही लहान मुलं, दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं आणि हे मृत्यू खूप कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती या कामासाठी. तेव्हा दंश झाला तर मांत्रिक नाही, घरगुती लेप नाही, सरळ दवाखाना. बागेतले नियम एवढेच : पातेरा आणि सोडणं घराच्या भिंतीपासून दोन पावलं लांब. पडलेला चिरा हाताने उचलायचा नाही, आधी काठीने उलथायचा. दिवेलागणीनंतर बॅटरीशिवाय आणि चपलेशिवाय परसात जायचं नाही. बाहेर ठेवलेली चप्पल झटकूनच घालायची. हे अंगवळणी पडलं की भीती राहत नाही. मी सांगतेय ते बागेत जाऊ नका म्हणून नाही, निवांत जाता यावं म्हणून.

पाणी घालायची वेळ सकाळची ठेवा, साडेपाच-सहाला. संध्याकाळीही चालतं, झाडाला फारसा फरक पडत नाही, पण तुमची तक्रार संध्याकाळ जाते अशी आहे. शिवाय पहाटे मतलई असतो, दयाळ कुठल्यातरी शेंड्यावर बसून गात असतो, लांबून पावशा ओरडत असतो, आणि पाणी घालणं हे काम न राहता फेरफटका होतो. कलमांना कळशीने घाला. कळशीने घालताना आपण प्रत्येक झाडापाशी थांबतो, पानं उलटून बघतो, पाइपने तसं होत नाही. फार रोपं असतील तर बुंध्यापासून हातभर अंतरावर एकेक साधं मातीचं मडकं पुरा, तोंडावर करवंटी ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी भरा. पाझरून मुळाशी ओल राहते.

पक्ष्यांसाठी मातीची परळ भरून सावलीत, मांजर झेप घालू शकणार नाही अशा उंचीवर ठेवा. पाणी रोज ओतून नवं घाला, नाहीतर तिथेही डासच. बसायच्या जागेवरून दिसेल अशी ठेवलीत तर दुपारी बुलबुल, शिंपी, सूर्यपक्षी, नशीब असेल तर हळद्या येतो. मेअखेरीला एखादा नवरंग पातेऱ्यात टुणटुणताना दिसला तर पातेरा न जाळल्याचं फळ समजा.

फुलांकडे येते. तुम्ही गुलाब, पिटुनिया, झेंडू यांची नावं लिहिलीत. त्यातलं वैशाखात आपल्या हवेत रमणारं एकही नाही. इथल्या उन्हाळ्याची फुलं वेगळी, आणि ती बघण्यापेक्षा वासाची जास्त. मोगरा हा तर उन्हातच खुलणारा. जानेवारी-फेब्रुवारीत छाटून, थोडं शेणखत देऊन पाणी सुरू केलं की चैत्रापासून कळ्या. संध्याकाळी टपोऱ्या कळ्या काढून ओल्या फडक्यात ठेवल्या की रात्री उमलतात. चार कळ्या पाण्याच्या माठात टाका. सुरंगीचा बहर आता सरला असेल. वेंगुर्ल्याकडे तिचे वळेसर, म्हणजे गजरे, विकायला येतात, कधी त्या दिवसांत गेलात तर वास घेऊन या आणि मग ठरवा परसात हवी का. अनंत मे-जूनमध्ये फुलतो. सगळ्यात गंमत भुईचाफ्याची. वर एक पान नसतं, जागा मोकळी म्हणून आपण विसरून गेलेलो असतो, आणि वैशाखात जमिनीतून सरळ जांभळट-पांढरं सुवासिक फूल वर येतं. वळवाची एक सर पडून गेली की तसाच लाल चेंडूसारखा मे फ्लावर. भुईचाफ्याचे आणि याचे कंद शेजारीपाजारी मागितले तर कोणीही देईल, विकत घेऊ नका.

आता ज्यासाठी मुलं मे महिन्यात कोकणात यायची तो भाग, म्हणजे खाणं. तुम्ही बागेच्या आनंदाबद्दल विचारलंत आणि पूर्ण प्रश्नात फळांचा उल्लेख एकदाच, तोही 'रातांबे पडून घाण होते' असा. माझ्या लेखी वैशाखातल्या परसाचा अर्धा आनंद तिथेच आहे.

रातांबा पडायला लागला की रोज सकाळी परडीभर गोळा करा. फोडून साली वेगळ्या, बिया आणि गर वेगळा. गरात मीठ घालून ठेवलं की रस सुटतो. साली दिवसभर उन्हात, संध्याकाळी त्या रसात बुडवायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. याला पुटं देणं म्हणतात. चार-पाच पुटं झाली की काळीभोर, मऊ आमसुलं तयार होतात. मीठ घातलेला जादा रस म्हणजे आगळ, वर्षभराच्या सोलकढीला. एवढाही खटाटोप नको असेल तर सालीच्या वाट्यांत साखर दाबून भरा, काचेच्या बरणीत एकावर एक रचा, तोंडाला फडकं बांधून आठवडाभर उन्हात ठेवा. साखर विरघळून जो पाक होतो तो गाळला की अमृत कोकम. बरणीतला रंग रोज चढत जातो, ते बघायलाच मी दिवसातून दोनदा जाते. बिया धुऊन वाळवून ठेवा, त्यांचं मुठेल पायाच्या भेगांना लागतं.

दोन गोष्टी रातांब्याबद्दल आणखी. एक, तुमचं एक झाड धरतं आणि दुसरं 'वांझ' आहे असं तुम्ही म्हणता. ते बहुधा नर असेल. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, बीपासून वाढवलेल्यांत निम्म्याच्या आसपास नर निघतात. तोडू नका, परागासाठी एखादं लागतंच. नवं लावायचं तर मादी झाडाचं मृदुकाष्ठ कलम घ्या. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात पावसाआधी तयार होते, आणि हा गुण किती मोलाचा ते पुढचं वाचून कळेल. दोन, वाळवणाचं काम मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आटपा. मृग लागतो ७-८ जूनला, पण २०२५ साली मान्सून २५ मेलाच तळकोकणात उतरला आणि कित्येकांची आमसुलं पुटं देता देता बुरशीली.

आंब्यांत हापूस पाहुण्यांना, स्वतःसाठी रायवळ. परसातल्या जुन्या रायवळाची फळं झाडाखाली पहाटे सापडतात. ती धुऊन पाण्यात तासभर टाकायची, देठाकडचा चीक पिळून काढायचा आणि ओंजळीत धरून चोखायची. जास्त झाली तर सासव करा : गूळ, ओलं खोबरं, वाटलेली मोहरी. वाऱ्याने पडलेल्या कैऱ्यांचा मेथांबा आणि पन्हं. हापूस उतरवायचा तर झेल्याने, म्हणजे जाळी बांधलेल्या काठीने, देठासकट, आणि सकाळच्या वेळात. देठ तुटलं की चीक फळावर ओघळतो आणि डाग पडून तिथूनच ते सडतं. माजघरात पेंढ्याची अढी लावलीत की आठ-दहा दिवस घरभर जो वास सुटतो तो परसाचाच भाग धरा. फणस बरका असेल तर रस काढून पोळ्या घाला, कापा असेल तर गरे खा, आणि आठळ्या फेकू नका. उकडून, मीठ लावून संध्याकाळच्या खुर्चीत बसल्या बसल्या खायला याहून चांगलं काही नाही.

वानर आणि माकडांचा प्रश्न तुम्ही ओझरता विचारलाय. खरं सांगायचं तर माझ्याकडे खात्रीचा उपाय नाही, आणि असं कोणी सांगत असेल तर जपून. घराजवळच्या झाडांची फळं आपली, गडग्याजवळची त्यांची, अशी मी मनाने वाटणी करून टाकली आहे. भाजीत सुरण, हळद, आलं, अळू यांच्या वाटेला ती माझ्याकडे तरी कमी जातात, म्हणून परसाच्या मागच्या बाजूला मी हेच लावते.

आणि हे लावायचं कधी? रोहिणी लागतात २५ मेच्या सुमाराला. तेव्हापासून हाताला काम द्यायला हरकत नाही, कारण दोन-तीन आठवड्यांत पाऊस येणार असतो. शिराळी, पडवळ, तवसं यांच्यासाठी मांडवाचे खांब रोवून ठेवा, आळी करून त्यात कुजलेलं शेणखत आणि राख मिसळा, हळद-आल्याचे डोळे फुटलेले कंद निवडून ठेवा. बी मात्र पहिली बरी सर पडल्यावरच. रोहिणी लागल्या की त्याच आठवड्यात बसायचा मांडव उतरवा, माडाचे सुके नारळ आणि लोंबत्या झावळ्या पाडून घ्या, घरावर झुकलेली वाळकी फांदी काढा. निसर्ग वादळ ३ जून २०२०ला आलं आणि तौक्ते २०२१च्या मेमध्ये. दोन्ही वेळा ज्यांनी हे आधी केलं होतं त्यांच्या कौलांचं नुकसान कमी झालेलं मी पाहिलं.

तर तुमचा वैशाखातला दिवस साधारण असा बसावा. पहाटे तासभर पाणी आणि पडलेली फळं गोळा करणं, मग पूर्वेच्या जागेत चहा. आठनंतर बागेत काम नाही. दुपारी पडवीत किंवा मांडवाखाली रातांबे फोडणं, नाहीतर झोप. पाचपासून पश्चिमेची खुर्ची, हातात पाइप नाही. दिवेलागणीला मोगऱ्याच्या कळ्या काढून बॅटरीच्या उजेडात घरात. पुरेसं पाणी असेल, मदतीला माणूस असेल, तर यात भर घाला. पण आधी यंदाचा एक उन्हाळा एवढ्यावरच काढून बघा.

बाकाचं : सिमेंटचा नको. दिवसभर तापतो आणि नेमका संध्याकाळी बसायच्या वेळी धग देतो. लाकडी बाक उघड्यावर ठेवलात तर आपल्या पावसात दोन-तीन वर्षांत वाळवी आणि बुरशी. उचलून नेता येईल असं हलकं बाकडं किंवा आरामखुर्ची घ्या, म्हणजे सकाळी पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला आणि पावसात पडवीत. कायमची जागा हवीच असेल तर बकुळीभोवती चिऱ्याचा कट्टा बांधा, पण झाड मोठं झाल्यावर, आणि बुंध्याला हातभर मोकळी माती सोडून.

गुलाबांचं : जे जिवंत आहेत ते कुंड्यांसकट पूर्वेच्या पडवीला ओढा, जिथे फक्त सकाळचं ऊन लागेल. आता छाटू नका, खत देऊ नका, माती ओली राहील एवढंच पाणी द्या. पावसात पानांवर काळे ठिपके येतील, पानं गळतील, घाबरू नका. कुंडीत पाणी साचू देऊ नका म्हणजे झालं. पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला छाटणी करा आणि शेणखत द्या. नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत फुलं मिळतील. नवीन गुलाब आणायचे असतील तर तेही तेव्हाच, आता रोपवाटिकेत कितीही फुललेले दिसले तरी.